धाकटीचे केस

अंबरनाथच्या घरात दुपारी आम्ही तिघी जीन्सचे धागे कापायला बसायचो. उल्हासनगरच्या कारखान्यातून पँटींचे गठ्ठे यायचे. शिवणीतून लोंबणारे दोरे छोट्या कात्रीनं उडवायचे, एवढंच काम. हात चालू आणि डोळे टीव्हीवर. त्या वर्षी माझ्या लहान बहिणीनं, धाकटीनं, बाजारातून एका जुन्या कोरियन सिरीयलच्या सीडी आणल्या होत्या. त्यातली मुलगी नोकरीसाठी मुलगा बनून राहते आणि मालक तिच्या प्रेमात पडतो. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती मी आईला मराठीत सांगायचे. आईचा एकच धोशा, "एवढं कसं कळत नाही मेल्याला?"

धाकटी पार वेडी झाली होती. एका दुपारी उठली आणि त्याच कात्रीनं स्वतःचे केस कानापर्यंत कापून बसली. मी तिला वाट्टेल ते बोलले. घरात काय चाललंय आणि बाईसाहेबांना काय सुचतंय!

दादाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मित्रांबरोबर बारवी धरणावर गेला आणि पाण्यातून जिवंत वर आला नाही. महिन्याभरात पप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, डोकंही गेल्यासारखंच झालं. आम्हाला कुणालाच ओळखत नव्हते. घास पुढे केला की तोंड घट्ट मिटून घ्यायचे.

गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत म्हणून आईनं दादाचे सगळे देऊन टाकले होते. चौकड्यांचा एक शर्ट तेवढा तिच्याच्यानं देववला नाही. केस कापल्यावर आठवडाभरानं धाकटी तो अंगात अडकवून पप्पांची चादर बदलायला गेली. पप्पांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "आलास बाबा?" त्या दिवशी तिच्या हातून ते वाटीभर दहीभात जेवले.

दुसऱ्या दिवशी आईनं तो शर्ट धुऊन, इस्त्री करून धाकटीच्या पुढ्यात ठेवला. विचारलं नाही, नुसता ठेवला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ही पण तुझीच लेक आहे ना गं? आई म्हणाली, दोन घास पोटात जातायत ना त्यांच्या, मग गप बस. कप्पाळ! खरंच जात होते.

मग तेच सुरू झालं. केस जरा वाढले की आई कात्री काढायची. धाकटीनं दादासारखं घोगरं बोलणं उचललं, त्याच्यासारखे चपला फरफटत चालायला शिकली. शेजारणी तोंडावर हसायच्या, तीही त्यांच्यात हसायची. एकदा धागे कापता कापता मला म्हणाली, "ताई, सिरीयलमध्ये शेवटी सगळ्यांना कळतं गं, ती कोण आहे ते. पप्पांनी एकदा मला माझ्या नावानं हाक मारली ना, बास झालं." इतका संताप आला मला! कुणाचा, ते आजही सांगता येणार नाही.

थंडीत पप्पा फारच खंगले. एका सकाळी ती भरवत होती, तर मध्येच त्यांनी तिचा हात धरला. "धाकटी दिसत नाही रे," ते तिलाच म्हणाले, "रागावलीय का माझ्यावर? जा, घेऊन ये तिला."

धाकटी धावतच बाहेर आली. दिवाळीचा पंजाबी ड्रेस घातला, टिकली लावली, माझ्या बांगड्या चढवल्या. ओढणी मीच तिच्या डोक्यावरून घेऊन दिली, केस दिसू नयेत म्हणून. आत जाऊन ती खाटेपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, मी आलेय."

पप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग चालत्या हातानं पांघरूण बाजूला सारून तिला जागा करून दिली.

"बसा बाई," ते म्हणाले. "धाकटी येईलच एवढ्यात. तिचा भाऊ गेलाय तिला आणायला."

ती बसली, पाहुण्यांसारखी कडेला. पप्पा दाराकडे बघत राहिले. ताटातला भात तसाच होता. दाराआड आई शर्ट हातात घेऊन उभी होती, पण तो धाकटीला द्यायचं तिचं धाडस होईना. दादा परत आत आला असता, तर त्याला धाकटीला बरोबर घेऊनच यावं लागलं असतं.