टोमॅटोच्या बुट्टीत अडकलेलं अर्धं मैदान

आमच्या मंगळवार पेठेत जन्मलेलं पोर आधी बॉल लाथाडतं, मग रडतं. हे मी डॉक्टरांसमोर सांगितलंय आणि डॉक्टरांनी मान हलवलीय. अशा पेठेत माझ्या पुतणीला बास्केटबॉलचा नाद लागला आणि तिच्या टीमच्या पोरींना सरावाला जागा मिळेना. तालमीमागचं मैदान तालमीच्याच फुटबॉलवाल्यांचं. तिनं अर्धं मागितलं, तर तालमीचे वस्ताद मिशीला पीळ भरत म्हणाले, "पोरी, हातानं खेळायला मैदान कशाला लागतंय? घरात खेळा की!"

पुतणी पेटली. "वस्ताद, ह्यो खेळ निघाला तवा फुटबॉलच वापरत हुते! अमेरिकेत एका मास्तरनं थंडीत कोंडलेल्या दांडगट पोरांसाठी काढला. वर फळांच्या बुट्ट्या ठोकल्या, झालं. त्या पहिल्या नियमांनी खेळा आमच्यासंगं. हरलो तर परत तोंड उघडणार न्हाय. जिंकलो तर अर्धं मैदान आमचं."

"फुटबॉलच हाय? मग आलं की!" वस्तादांनी मारुतीच्या देवळाकडं हात करून शब्द दिला.

रविवारी मंडईतून टोमॅटोच्या बुट्ट्या आल्या. एक तालमीच्या सज्जाला टांगली, दुसरी समोरच्या कडुलिंबाच्या फांदीला. बूड शाबूत, म्हणजे गोल झाला की शिडीवर चढून बॉल काढायचा. फुटबॉलवाल्यांकडून खुद्द वस्तादही खेळायला उतरले. पंच मी. पुतणी सख्खी, त्यामुळं माझ्याइतका निःपक्षपाती माणूस जिल्ह्यात नव्हता. नियम मी ओरडून सांगितले: नऊ-नऊ गडी, आधी दोन गोल करेल तो जिंकला. बॉल घेऊन पळायचं नाही, जिथं धरला तिथूनच फेकायचा. धक्का नाही. बॉलला मूठ मारायची नाही. मोडलं की फाऊल. एकाच गड्याचे दोन फाऊल झाले, तर पुढचा गोल होईतोवर तो बाहेर. आणि एका बाजूनं लागोपाठ तीन फाऊल केले, तर समोरच्यांना गोल फुकट!

गर्दी एवढी, की कोडोलीहून माणसं डबे बांधून आलेली. पोरींनी पहिला गोल टाकला. मग फुटबॉलवाल्यांच्या एका गड्यानं डोळे मिटून बॉल भिरकावला, तो ढगाला शिवून थेट बुट्टीत! एक-एक. त्या आरोळीनं गडमुडशिंगीत म्हशींनी वेळेआधी पान्हा सोडला म्हणे.

आता पुढचा गोल म्हणजे मैदान.

फुटबॉलवाल्यांच्या बुट्टीखाली त्यांचा गोलकीपर उभा. पेठेचा लाडका. पोरींचा बॉल आला, गडी उडाला आणि मुठीनं असा ठोसा हाणला, की पब्लिक नाचायलाच लागलं. "वाऽऽ भावा!"

मी शिट्टी मारली. "फाऊल! मूठ!"

पुढचा बॉल आला. गड्यानं परत तेच केलं. परत शिट्टी.

"आवं, जन्मभर ह्येच केलंय की!" तो रडवेला होऊन बाहेर गेला.

"मुठी उघड्या ठेवा रे!" वस्ताद गरजले. तेवढ्यात बॉल त्यांच्याच छातीवर आला. त्यांनी तो कवटाळला. समोर मैदान मोकळं. आणि वस्ताद सुटले! पोरींनी हात मागं घेऊन वाट दिली, पुतणीनं तर "या, या" केलं. लिंबाखाली जाऊन वस्तादांनी उडी घेतली, बॉल बुट्टीत कोंबला. हलगी कडाडली, गुलाल उडाला. त्या गुलालातच मी शिट्टी फुंकली.

"पळाला, वस्ताद. तिसरा फाऊल. गोल पोरींचा."

"कोण म्हणतंय पळालो?"

"आख्खी पेठ बघाय लागलीय," बाहेरून गोलकीपर म्हणाला. "कुस्तीत बी एवढं कधी पळाला न्हाईसा."

"पंच तिचा काका हाय!" कुणीतरी ओरडलं. बाह्या सरसावल्या गेल्या.

"गप बसा!" वस्तादांनी आवाज चढवला. "शब्द मी दिलाय."

गुलालानं माखलेल्या हातांनी त्यांनी फक्कीचा डबा उचलला आणि मैदानाच्या मधोमध पांढरी रेघ ओढायला घेतली.

"वस्ताद, रेघ आमच्याकडं सरकाय लागलीया!" पुतणी ओरडली.

"मैदानच वाकडं हाय, पोरी," ते वर न बघता म्हणाले. मग पायानं पुसली आणि पहिल्यापासून ओढायला लागले.