पदरचं सांगणं

चहा गार व्हायच्या आत कबुली देऊन टाकते, म्हणजे तुम्हाला हसायला आणि मला सावरायला वेळ मिळेल. कोल्हापूरच्या एका पाहुण्यासमोर, चारचौघांत, मी एका चहाच्या कपाला अस्सल हातमागाची साडी ठरवलं. नुसतं ठरवलं नाही, यंत्राने सिद्ध करून दाखवलं.

आणि हे मी केलं, हे कृपया लक्षात घ्या. बेळगावातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवते. आज मंगळवार आहे हेसुद्धा मी दिनदर्शिका पाहून मान्य करते. माझे वडील निपाणीचे. तंबाखूचं पान दोन बोटांत चोळून ते त्याची प्रत सांगायचे. सातवीत असताना मी त्यांना विचारलं होतं, "दहातले किती वेळा बरोबर येतं?" त्या दिवशी ते जेवले, पण बोलले नाहीत. वर्गात माझं एक वाक्य प्रसिद्ध आहे: "मी पदरचं काही सांगत नाही." हे वाक्य जरा बाजूला काढून ठेवा. पुढे लागणार आहे.

तर, बेळगावच्याच शहापूर भागातल्या तारक्का. साठी उलटलेली बाई, हातमागावर साड्या विणते. तिची वीण इतकी एकसारखी, की कोल्हापूरच्या एका दुकानाने तिच्या दोन साड्या परत पाठवल्या. कारण काय, तर ही सफाई हाताची असूच शकत नाही, ही यंत्रमागाचीच. चांगलं काम केल्याची शिक्षा म्हणा. इकडे तिचा पुतण्या बसाप्पा, वडगावात यंत्रमाग चालवणारा चाळिशीचा गृहस्थ, मागाच्या त्या जागेवर डोळा ठेवून होता. हातमाग काढायचा, तिथे आणखी एक यंत्रमाग बसवायचा.

तारक्का माझ्याकडे आली ती एवढंच म्हणाली, "बाई, एकदा काय ते ठरू द्या. ह्या बारीबी त्यांनी खोटं म्हटलं, तर माग मीच खोलून देते बसाप्पाला."

मी म्हटलं, "पुरावा देऊ."

"पुरावा हाताला लागतोय की. कापड धरून बगा."

"स्पर्श म्हणजे पुरावा नव्हे, तारक्का."

"मग काय, बाई?"

त्यावर मी तिला सुमारे चाळीस मिनिटं सांगितलं. बारकोड का नको, तर ती कागदावरची छापील पट्टी. ती डोळ्यासमोर धरावी लागते, धुतली की जाते आणि उचकटून दुसऱ्या साडीला चिकटवता येते. त्याऐवजी तांदळाच्या दाण्याएवढी चिप आणि तिला केसासारखी बारीक तार. ही विणतानाच पदराच्या काठात घालायची. तिला बॅटरी लागत नाही. हातातलं वाचकयंत्र जवळ आलं, की त्याच्या रेडिओ लहरींवर ती जागी होते आणि आपली ओळख सांगते. आणि सर्वांत महत्त्वाचं, असं मी बोट उगारून म्हटलं, ती दिसावी लागत नाही. घडीत असो, पिशवीत असो, नजरेआड कुठेही असो, ती बोलतेच.

तारक्काने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे सासूगत," ती म्हणाली.

मी तिला दहा चिपा दिल्या, स्टीलच्या डब्यात, कारण धातूच्या आत लहरी शिरत नाहीत आणि त्या गप्प राहतात. पहिली साडी विणून झाली, चाचणीत उत्तम बोलली, आणि तारक्काने ती माझ्याच हातावर ठेवली. नव्या कामातलं पहिलं लुगडं ज्यानं काम सुचवलं त्यानं नेसायचं, असा तिच्या घरचा रिवाज. मी रिवाजांना सहसा पुरावा मागते, पण साडी फार सुंदर होती. गर्द जांभळी, काठ मोरपंखी.

मग दुसरी साडी विणली. तीच पाहुण्यांना दाखवायची. यंत्राच्या पडद्यावर चिपेचा चोवीस आकडी क्रमांक यायचा. तो मी काढून टाकला. सामान्य माणसाला आकडे कशाला? चिप ओळखली की यंत्राने 'पीप' करावं आणि स्वच्छ अक्षरांत एकच ओळ यावी: 'अस्सल हातमाग. विणकर: तारक्का, शहापूर.' प्रयोगशाळेत मी शंभर वेळा तपासलं. शंभरही वेळा बरोबर. शंभरही वेळा, हे आता सांगते, मी सलवार-कमीज घातलेली होती.

ठरलेल्या दिवशी विणकरांच्या हॉलात आम्ही जमलो. कोल्हापूरच्या दुकानाची खरेदी बघणारे मानेसाहेब आले. टेबलावर पाच साड्या: एक तारक्काची, चार बसाप्पाच्या यंत्रमागावरच्या, रंगाने आणि काठाने तंतोतंत तशाच. बसाप्पाने त्या हौसेने आणल्या होत्या. "मॅडमचं यंत्र काय म्हंतंय बगू या की," असं म्हणून तो पुढच्या खुर्चीत बसलासुद्धा.

मी प्रास्ताविक केलं. थोडक्यातच, पंचवीस मिनिटं. शेवटी म्हटलं, "माणसाचा हात चुकतो, डोळा चुकतो. यंत्राला नातीगोती नसतात." आणि यंत्र पहिल्या साडीवर धरलं.

पीप. 'अस्सल हातमाग.'

दुसरीवर धरलं. पीप. 'अस्सल हातमाग.'

तिसरी, चौथी, पाचवी. पीप, पीप, पीप.

"लई दिवसांनी कळलं," बसाप्पा म्हणाला, "माझं यंत्रमाग बी हातमागच हायती. सरकारला कळवाय पायजे."

मानेसाहेब सभ्य होते. त्यांनी रुमालाने तोंड पुसण्याचं निमित्त केलं. मग विचारलं, "मॅडम, म्हणजे पाचही तारक्कांच्या?"

"शक्य नाही," मी म्हटलं. "पुन्हा पाहू." पुन्हा पाहिलं. पाचही तारक्कांच्या.

इथे शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. मी नियंत्रित तुलना करायची ठरवली. जी वस्तू निर्विवादपणे साडी नाही, तिच्यावर यंत्र धरायचं. जवळ चहाचा कप होता.

पीप. 'अस्सल हातमाग. विणकर: तारक्का, शहापूर.'

मग खुर्ची. मग भिंतीवरचं घड्याळ. मग, त्यांच्या परवानगीने, मानेसाहेब. मानेसाहेबही तारक्काने विणलेले निघाले.

"होगली बिडरी, मॅडम," बसाप्पा कन्नडमधून समजूत घालू लागला, म्हणजे जाऊ द्या हो. "काकू, तुमी बी आता हट्ट सोडा. सोमवारी माग खोलाय माणसं लावतो."

तारक्का हाताने टेबलावरच्या घड्या सारख्या करत होती. आणि मला काय सुचावं? ज्या बाईच्या खरेपणासाठी मी उभी होते, तिलाच मी भर बैठकीत विचारलं, "तारक्का, मी तुम्हाला दहा चिपा दिल्या होत्या. एक साडीत गेली. उरलेल्या नऊ कुठं आहेत? कुणी या बाकीच्या साड्यांत घातल्या का?"

सगळ्यांच्या माना तारक्काकडे वळल्या. बसाप्पाचीसुद्धा.

तारक्काने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मोजा."

मी मोजल्या. आठ.

"नऊ हव्यात."

"आठच पायजेत."

"दहातून एक गेली तर नऊ राहतात, तारक्का. एक चिप नाहीशी झाली आहे."

"न्हाईशी झाली न्हाय, बाई," ती शांतपणे म्हणाली. "नेसलाय तुमी."

मी खाली पाहिलं. गर्द जांभळी, काठ मोरपंखी. पदर डाव्या खांद्यावरून मागे, तिथून उजव्या कमरेशी आणून नीट खोचलेला, आणि बरोबर त्याच्या पुढे, वीतभर अंतरावर, माझा यंत्र धरलेला उजवा हात. त्या साडीत चिप आहे हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. आपल्याला मूत्रपिंडं आहेत हे जसं माहीत असतं, तसं.

"मानेसाहेब," तारक्का म्हणाली, "यंत्राचा काय दोष न्हाय. बाई मगापासनं पदरचं सांगाय लागल्यात."

यावर बसाप्पा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

उपाय उघड होता, पण साडी तिथे बदलता येणार नव्हती. तेव्हा डब्याचं झाकण लावलं, यंत्र मानेसाहेबांच्या हातात दिलं, एकेक साडी हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेऊन तपासा म्हणून सांगितलं आणि मी बाहेर गल्लीत जाऊन उभी राहिले. समोरच्या दुकानदाराने विचारलं, "काय मॅडम, बाहेर का?" मी म्हटलं, "प्रयोग चालू आहे."

आतून मानेसाहेब साडीचा आकडा पुकारत होते, पण पीप काही ऐकू येईना. एक साडी, शांतता. दुसरी, शांतता. माझ्या उभ्या आयुष्यात मी एवढ्या आर्ततेने कशाची वाट पाहिलेली नाही, पीएचडीच्या निकालाचीही नाही. तिसरी. चौथी.

पीप.

मग पाचवी, आणि पुन्हा शांतता.

मी आत गेले तेव्हा मानेसाहेब चौथी साडी हातात घेऊन उभे होते, आणि दुकानाने परत पाठवलेल्या त्या दोन साड्या पुन्हा द्याल का, असं तारक्काला विचारत होते. तिने "बगू," एवढंच उत्तर दिलं. बसाप्पा आपल्या चार साड्या गोळा करत होता. सोमवारच्या माणसांचा विषय निघाला नाही, तो आजतागायत निघालेला नाही.

मी तारक्काची माफी मागितली, रीतसर, पूर्ण वाक्यांत. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो. पण मला एक सांगा, कितवी हाय ते मला हात लावल्या लावल्या कळलं हुतं. दहातलं किती बरोबर धरायचं?"

माझे वडील तेव्हा असते, तर त्या दिवशी ते जेवले असते आणि बोललेही असते.

आता तिथल्या यंत्राच्या डब्यावर बसाप्पाने स्वतःच्या अक्षरात एक सूचना चिकटवली आहे: 'यंत्र वापरताना म्याडम भायेर थांबल्या पायजेत.'

मी ती काढायला लावली नाही. फक्त शुद्धलेखन सुधारलं, आणि 'बाहेर'च्या पुढे 'किमान सहा मीटर' असं लिहिलं. अंतर मी स्वतः मोजलं आहे. पदरचं काही सांगत नाही.