उपरण्याची चिंधी

तो पंचनामा मला आजही तोंडपाठ आहे. 'घटनास्थळी सहा झाडे. प्रत्येकाभोवती मातीचे आळे केलेले, आळ्यातील माती ओलसर, बुंध्याशी शेणखत. पैकी दोन झाडांस काठीचा आधार देऊन कापडी चिंधीने बांधलेले.' हा मजकूर मी स्वतः सांगून लिहून घेतला होता आणि पुढे कितीतरी वर्षं नव्या फौजदारांना शिकवताना म्हणून दाखवत असे. आठवणींच्या माझ्या वहीतही हे प्रकरण मी मोठ्या हौसेने लिहून ठेवलं होतं. ते आता खोडून नव्याने लिहितो आहे, कारण मधल्या काळात मी जर्मनीत तीन आठवडे गांजाच्या झाडांना पाणी घातलं. वाचकांना हसू येईल. येऊ दे, आमच्या घरातही सगळे हसले.

आधी मूळ प्रकरण. मी तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक बातमीदार आला आणि दाराशी घुटमळत राहिला. गर्दी पांगल्यावर म्हणाला, सरकारी विश्रामगृहाच्या मागे, खताच्या खड्ड्यापलीकडे एरंडात गांजा आहे. स्टेशन डायरीत नोंद केली, वरिष्ठांना लेखी कळवलं, दोन पंच, वजनकाटा आणि लाखेचं सामान घेऊन जीप काढली. झाडं जागेवरच होती, छातीएवढी उंच, हिरवीगार.

लागवडीच्या गुन्ह्यात झाड सापडणं सोपं असतं. ते कुणी लावलं हे सिद्ध करताना घाम फुटतो. गांजा आपोआपही उगवतो आणि आरोपीचा वकील पहिल्याच दिवशी तेच म्हणतो. म्हणून तपासी अधिकाऱ्याने झाडाची निगा कोण राखतं ते शोधायचं. पाणी कुणी घातलं, खत कुणी दिलं, आधार कुणी लावला. निगा राखतो तो मालक, एवढं साधं गणित मी मांडलं होतं.

या गणितात बसणारा माणूस तिथेच राहत होता. विश्रामगृहाचा रोजंदारीवरचा माळी, चाळिशीचा, बारीक अंगाचा. कायम नोकरीसाठी त्याचे कागद वर गेले होते आणि हुकूम आज येतो की उद्या, याची तो वाट पाहत होता. आम्ही त्याला ठाण्यात आणलं.

"कुणासाठी लावलीस?" मी विचारलं.

"लावली नाही साहेब. उगवली. पाणी घातलं."

"उगवेल त्याला पाणी घालतोस? गवताला घालतोस का?"

"गवत आपलं आपण जगतं, साहेब."

मला वाटलं, हा माझी फिरकी घेतोय. मी हात उगारला नाही, पण दिवसभर त्याला उभं ठेवलं आणि आवाज चढवला, हे इथे लिहिलं पाहिजे. कुणाला विकतोस, बियाणं कुणी दिलं, एकामागून एक विचारत होतो. त्याचं उत्तर बदललं नाही. खोटं बोलणारा माणूस दुपारनंतर उत्तराला चार ठिगळं लावतो, हा माझा अनुभव. याने एकही लावलं नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

संध्याकाळी त्याच्या खोलीची झडती घेतली. खुंटीवर एक उपरणं होतं आणि त्याच्या एका काठाची पट्टी फाडलेली होती. झाडावरची चिंधी आणून शेजारी धरली. धागा न् धागा जुळला. मी उपरणं त्याच्यासमोर धरलं, तर तो लगेच म्हणाला, "हो, माझंच आहे. वाऱ्याने वाकली होती दोन." मी ती कबुली समजलो. कुंपणाच्या भिंतीमागे फुटक्या चिलमी सापडल्या होत्या. तिथे बाहेरची माणसं बसत असत, पण त्या चिलमीही मी त्याच्याच खात्यावर टाकल्या. हा माणूस विडीलासुद्धा शिवत नव्हता, हे विश्रामगृहाच्या खानसाम्याने सांगितलं होतं. मी ते ऐकून सोडून दिलं.

तो चौदा महिने तुरुंगात होता. मग न्यायालयाने त्याला सोडलं. जागा सर्वांना खुली, आरोपी अख्ख्या बागेला पाणी घालणारा, लागवड त्यानेच केली हे सिद्ध होत नाही, म्हणून संशयाचा फायदा. मला तो निकाल फार झोंबला. त्याला कामावर परत घेतलं नाही, कायम करण्याचे कागदही कुठेतरी दाबले गेले. मी मात्र वर्गात सांगत राहिलो की सुटला, पण केलं त्यानेच, चिंधीने पकडून दिला. वर्गात टाळ्या पडत.

आता जर्मनी. माझी मुलगी आणि जावई लुडविग्सहाफेनला असतात. जावई तिथल्या एका रासायनिक कारखान्यात इंजिनिअर आहे. परवाच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं नवराबायको तिकडे गेलो होतो. त्यांच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त फिटर एकटे राहतात. गुडघ्याचं ऑपरेशन आणि त्यानंतर तिथल्या केंद्रात राहून करायचे व्यायाम, असे तीन आठवडे ते बाहेर जाणार होते. त्यांनी मुलीकडे किल्ली आणि सूचनांचा एक कागद दिला. मुलीने तो माझ्यासमोर ठेवला.

"बाबा, तुम्हाला दिवसभर कंटाळा येतो म्हणता ना. खालच्या झाडांना पाणी घालाल? पण चिडायचं नाही हं. फुलझाडं आहेत, आणि तीन दुसरी आहेत."

"दुसरी म्हणजे?"

जावई चष्मा पुसायला लागला. "कॅनबिस, बाबा. आल्झो, म्हणजे, इथे आता अलाउड आहे. मोठ्या माणसाला घरात तीन झाडं. गेनाऊ तीन, मोजून तीन. चौथं झालं की प्रॉब्लेम. आणि आमची आइनब्युर्गरुंगची फाइल नुकतीच गेलीय, नागरिकत्वाची, सो प्लीज जरा जपून."

"म्हणजे मी, निवृत्त पोलीस अधिकारी, गांजाला पाणी घालू?"

"अहो, घाला की," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "आयुष्यभर उपटलीत. थोडी भरपाई होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली घेऊन खाली गेलो. काचेने बंद केलेल्या बाल्कनीत तीन मोठ्या कुंड्या होत्या, कमरेएवढी झाडं. मी शेकडो झाडं मोजली, तोलली आणि सीलबंद केली होती, पण त्यातल्या एकालाही तहान लागते हे कधी पाहिलं नव्हतं. कागदावर मुलीने मराठीत उतरवून दिलं होतं: बोट पेरभर मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या. गुरुवारी झारीत खताचं अर्धं टोपण. खालची पिवळी पानं काढून टाका. शेवटी ठळक अक्षरांत, जास्त काही देऊ नका.

पहिल्या गुरुवारी मी एक टोपण टाकलं. एवढ्या मोठ्या झाडांना अर्ध्याने काय होणार, असं वाटलं. तीन दिवसांनी पानांची टोकं करपली. जावयाने फोनवर शोधून सांगितलं, खत जास्त झालंय, साध्या पाण्याने माती धुऊन काढा. मी झारीवर झारी ओतून ते निस्तरलं आणि त्या दिवशी मला नीट जेवण गेलं नाही. मग दिवसातून दोनदा खाली चकरा सुरू झाल्या. "निघाली गस्त," बायको म्हणायची.

दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला जिरेनियमच्या कुंडीत एक कोंब दिसला. चार दिवसांत त्याला कातरलेल्या कडांची पानं आली. धावत्या जीपमधून ओळखणारा मी, दोन हातांवरून चुकणं शक्यच नव्हतं. चौथं रोप. कायदा मला माहीत होता, जावयाची धास्ती माहीत होती. मी ते उपटायला वाकलो आणि त्याच्या बुंध्याशी पाणी घालून उभा राहिलो. का, ते तेव्हा मनात आलंही नाही. रोज वर आल्यावर ठरवायचो की उद्या काढू. जिरेनियमच्या सावलीत ते उंच आणि लुकडं वाढत होतं. एकदा ते आडवं झालेलं दिसलं, तेव्हा मी स्वयंपाकघरातली एक लाकडी काडी खोचली, खिशातल्या जुन्या रुमालाची कड फाडली आणि सैल गाठ मारून ते बांधलं. वर येऊन चहा प्यालो. काही सुचलं नाही, काही आठवलं नाही.

फिटर परतले त्या दुपारी मुलगी आणि जावई त्यांचं सामान घेऊन बरोबर आले. मीही होतोच. काठी टेकत ते बाल्कनीत गेले, झाडांवरून हात फिरवला, खूश झाले. मग जिरेनियमपाशी थांबले. एक एक बोट उघडत त्यांनी मोजलं आणि आमच्याकडे वळले. चेहरा उतरला होता. जावयाचा तर पांढरा पडला.

"बाबा," तो म्हणाला, "हे तुम्ही लावलंत?"

"लावलं नाही. उगवलं. पाणी घातलं."

शब्द तोंडातून गेले आणि मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. ते माझे शब्द नव्हते.

फिटर काही बोलले. मुलीने सांगितलं, "ते विचारतायत, कशाचं रोप आहे ते तुम्हाला माहीत होतं का?"

"होतं."

"मग का घातलंत पाणी?"

मी निम्मं आयुष्य लोकांना 'का' विचारण्यात घालवलं. उत्तर आलं नाही की माणूस काहीतरी लपवतोय असं धरून चालायचं, हे मीच शिकवलं. त्या बाल्कनीत माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी काहीही लपवत नव्हतो. फिटरांनी वाकून रुमालाची गाठ बोटाने चाचपली. मग ते हसले, मुलीशी बोलले.

"ते म्हणतात, एक बी रुजलं नाही म्हणून त्यांनीच त्या कुंडीत टाकून दिलं होतं," मुलगी म्हणाली. "आणि विचारतायत, तुझे वडील माळी होते का?"

त्यांनी ते रोप मुळासकट उपटलं, कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि आमच्यासाठी कॉफी ठेवली. पाणी उकळायच्या आत माझी चौकशी संपली होती. माझी कॉफी गार झाली. लाज वाटत होती, आणि ती त्या रोपाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गावाकडच्या एका निवृत्त हवालदाराला फोन लावला. त्या माळ्याचा पत्ता काढ म्हणालो. आठवड्याच्या आत त्याने नंबर पाठवला. माळी आता मुलीकडे राहत होता. मी दोनदा नंबर फिरवून फोन ठेवून दिला. तिसऱ्यांदा त्याने स्वतः उचलला. मी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, ठाणं सांगितलं.

"तुम्ही तेव्हा खरं बोलत होतात," मी म्हणालो. त्याला मी पहिल्यांदाच अहो-जाहो करत होतो. "मी चुकलो. तुमचे चौदा महिने आणि तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. माफी मागायला फोन केलाय."

"कायम झालो असतो त्या वर्षी," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "आज कसं काय आठवलं, साहेब?"

मी सगळं सांगितलं. परदेश, काचेची बाल्कनी, जिरेनियमची कुंडी, काडी, रुमालाची कड. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. संशयिताने कुठे थांबून काय विचारलं, यावर माझं नेहमी बारीक लक्ष असे. अजूनही असतं. मला वाटलं, आता तो मला चार शब्द सुनावेल, आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

"मग त्या रोपाचं काय झालं?" त्याने विचारलं. "जगलं का?"

"नाही. उपटून टाकलं."

"अरेरे," तो म्हणाला. "कोवळं होतं हो."