बांधाखाली कोण

परतूरच्या कडेला माझ्या थोरल्या बहिणीचं घर आहे. तिच्या ओळीतल्या प्रत्येक फाटकाला चार-पाच पायऱ्या आहेत, समोरच्या ओळीत एकही नाही. कारण घरांखाली आहे: पांढऱ्या मातीचा एक जुना, लांब बांध. प्लॉट पडण्याआधी मी त्याच्यावर बातमी केली होती. कोणी त्याला तळ्याची पाळ म्हणत होतं, कोणी गावकूस. पाहायला आलेल्या अभ्यासकांनी, खोदल्याशिवाय सांगता येणार नाही, असं सांगितलं. खोदलं गेलं नाही. घरं झाली.

गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी वाढीव खोलीचा पाया खणला, तेव्हा मी बहिणीकडेच होतो. पांढऱ्या मातीखाली राखेचा पट्टा लागला, खापरं निघाली आणि वीतभर हाड. गवंड्याने ते बैलाचं ठरवलं. प्लॉट विकणारा म्हातारा शेतकरी बघायला आला होता. त्याने हाड हातात घेतलं नाही. पटकीच्या साथीत मेलेली माणसं याच बांधात पुरली, असं त्याचा आजा सांगायचा. हे विकताना का बोलला नाहीत, असं मी विचारलं.

"कुणी इचारलं न्हाई, सायेब."

दुपारपर्यंत काँक्रीट पडलं.

बहीण कुंपणाशी उभी राहून ऐकत होती. त्या दिवसापासून तिने जमिनीवर खलबत्ता ठेवून कुटणं बंद केलं. घरात ती पाऊल जपून टाकू लागली. मुलगा तिला कायमचं जालन्याला बोलावत होता. जावं की राहावं, हे ठरवण्याआधी तिला एकच गोष्ट हवी होती.

"तू पेपरात होतास. बराबर सांग, खाली माणसं हायत का?"

एकाच माणसाचं ऐकीव सांगणं आहे, सिद्ध झालेलं नाही, असं मी म्हणालो.

"ते मी इचारलं न्हाई."

सर्वपित्रीला तिने सासरच्यांची पानं वाढली आणि मागच्या भिंतीशी आणखी एक. नाव, गोत्र काय घ्यायचं, असं तिने मला विचारलं. तिने हात जोडले आणि शेजारणीशी बोलावं तशा आवाजात, वरण जरा पातळ झाल्याचं जमिनीकडे बघून सांगितलं.

तिचं मन आता मोकळं झालं असेल, असं मला वाटलं. दिवाळीनंतर मुलगा सामान न्यायला गाडी घेऊन आला. बांधलेल्या पिशव्या ती सोडत बसली होती.

"आता वाढलंय त्यांना," ती त्याला म्हणाली. "टाकून कशी येऊ?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. खाली कोणी नाही, एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण तेही मला सिद्ध करता आलं नसतं. गाडी रिकामी परत गेली.