बोर्ड कोनी केला?

"जा, शेजारी सांग, वेल्डिंग चालू करा म्हनावं!"

नवा सर्किट बोर्ड टेबलावर आला की बाईंचं हे पहिलं वाक्य. वालीवच्या आमच्या गाळ्यात इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनायचे. इतर लोक बोर्ड तपासताना पंखासुद्धा बंद करतात. बाईंना मात्र शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याचा सगळा धिंगाणा हवा असायचा. तिकडे ठिणग्या उडायच्या, इकडे बाई आकड्यांवर डोळे रोखून बसायच्या. वेल्डिंगने विजेत एवढी गडबड होऊनही आकडा हलला नाही, तरच चहा.

बाई पापडी गावच्या, ख्रिस्ती, डिप्लोमा केलेल्या, आणि त्याचा तोरा अजिबात न लपवणाऱ्या. बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा कुठून न्यायच्या, हे त्या ठरवत. वजनाचा नाजूक सिग्नल ट्रान्सफॉर्मरपासून दूर, लांबच्या वळणाने नेत. "भांडकुदळ शेजाऱ्याच्या दारावरून कोन जातं रे?" असं मला, त्यांच्या हाताखालच्या पोराला, विचारत. डूख धरण्यातही त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच.

एकदा मोठं गिऱ्हाईक आलं. गाळ्याच्या मालकांनी, शेठनी, बाईंचा बोर्ड त्याच्या हातात दिला आणि ते म्हणाले, "आमच्या भाच्याने डिझाइन केलाय." भाचा हसला. बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी जेवणाचा डबा पिशवीत टाकला, घरी गेल्या आणि पुन्हा आल्याच नाहीत. भाच्याच्या कानफटात दोन ठेवून द्याव्यात, असं मला वाटलं.

पुढे भाच्याला बोर्ड सुबक करायची हुक्की आली. त्याने जुना नकाशाही न ठेवता वळणं काढून टाकली आणि सिग्नलची रेघ सरळ ट्रान्सफॉर्मरला खेटून नेली. तपासणी केली शेजारचा गाळा बंद असताना. आकडा अगदी स्थिर! माल बाजारात गेला आणि परत यायला लागला. दुकानातला फ्रीज सुरू झाला की पापलेटाचं वजन नाचायचं.

शेवटी शेठ मिठाई घेऊन पापडीला गेले, काटा उचलायला मी. बाईंनी आम्हाला बसवलं, काटा लावला आणि स्वयंपाकघरातला मिक्सर सुरू केला. आकडे सैरावैरा. बंद केला, पुन्हा सुरू केला. त्यांना मजा येत होती. खरं सांगतो, मलाही.

"कुठे चुकलंय, बाई?"

"सांगते ना. आधी गाळ्यात सगळ्यांसमोर सांगा, पहिला बोर्ड कोनी केला."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"एवढीशीच आहे, तर सांगा की!"

शेठ उठले. बाईंनी मिठाई त्यांच्या हातात परत दिली. वर्षभरात गाळ्याला कुलूप लागलं. माझीही नोकरी गेली, पण बाईंचा राग आला नाही.

काही वर्षांनी बाई गेल्या. दफनाला शेठ आले होते, थकलेले. कब्रस्तानाच्या दारातल्या लोकांना हळू आवाजात सांगत होते, "पहिला बोर्ड बाईंचाच बरं का. भाच्याचं आपलं उगीच."

मी त्यांना मनगटाला धरून खड्ड्यापाशी नेलं. "इथे सांगा," म्हटलं, "मोठ्याने."

शेठचे ओठ नुसते हलत राहिले. पेटीवर माती पडायला लागली होती. मी मनगट सोडलं नाही.