भोईवाड्याच्या पाण्यावर आळ

कराडहून निघालो तेव्हा आमच्या गाडीत सहा माणसं, पेटी, ढोलकी, स्टोव्ह आणि तीस हंड्यांची पत्र्याची टाकी होती. गाडी म्हणजे लष्करानं मोडीत काढलेली ॲम्ब्युलन्स. आमच्या कलापथकाचे प्रमुख अण्णा यांनी ती घेऊन आत फळ्यांचे बिछाने ठोकले आणि टपाखाली पाण्याची टाकी बसवली, झाकण टपावर उघडणारं. झोपणं, रांधणं, तोंड धुणं, सगळं गाडीतच. संयुक्त महाराष्ट्राची गाणी घेऊन आठवडाभर मुंबईत फिरायचं होतं. मी शाळामास्तर. पथकात पेटी वाजवतो, आणि हाताला पान्याची सवय म्हणून पाण्याचं खातं माझ्या गळ्यात पडलं होतं.

पहिला मुक्काम गिरगावात. तिथं पोचेपर्यंत तोटीची धार करंगळीएवढी झाली. गॅलरीतून एका गृहस्थांनी विचारलं, "काय हो, मुंबईसाठी गावाकडून एवढंच पाणी आणलंत?" मला काही हसू आलं नाही. टाकीच्या झाकणाला हवेचं भोक असतं, ते रंगानं बुजलं होतं. हवा आत शिरल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही, म्हणून खिळ्यानं ते मोकळं केलं. तरी धार जेमतेमच. मग तोटी काढून सायकलच्या पंपानं नळीत हवा मारली. आत काहीतरी सरकलं आणि पाणी धो धो आलं. मी हात पुसून मोकळा झालो. काय सरकलं ते बघायला हवं होतं, पण घाई झाली होती ना!

दुसऱ्या दिवशी परळच्या भोईवाड्यात मुक्कामाला गेलो; तिथला कार्यक्रम तिसऱ्या दिवशी संध्याकाळी होता. इकडं आभाळात गिरण्यांची धुराडी आणि दिवस मोजायचा तो भोंग्यावर. चाळीत बहुतेक घरं नुकतीच दीक्षा घेतलेल्या बौद्धांची. भिंतीवरचे फोटो नवे, फ्रेमा नव्या, बोलण्यात ताठपणा नवा. मला फार बरं वाटलं. रावजी कांबळे नावाचे गिरणीतले फिटर आमचे यजमान होते. त्यांच्या खोलीत गरम भाकरी आणि सुकटीची चटणी पोटभर खाल्ली.

आमची टाकी रिकामी होत आली होती आणि चाळीच्या नळाची वेळ संपली होती. तेव्हा सोनाबाई नावाच्या म्हातारीनं गॅलरीत उभं राहून हाळी दिली, "अगं बायांनो, पावण्यांना घरटी एकेक हंडा द्या!" आणि बायांनी दिला. दुसऱ्या दिवसापर्यंत पुरवायच्या पाण्यातला एकेक हंडा, डोक्यावरून, जिना उतरून. मी टपावर बसून ओतून घेत होतो. अण्णा मात्र तेवढ्यात पान खायला गेले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी लालबागला होतो. तोटी सोडली आणि उग्र, आंबूस भपकारा आला. ढोलकीवाल्याला आणि गाणाऱ्या शालनला पहाटेपासून जुलाब. अण्णा लगेच म्हणाले, "मी बोलणारच होतो. त्या चाळीतलं पाणी बाधलं. संध्याकाळचा तिथला कार्यक्रम रद्द. कळवून या, मास्तर."

माझं डोकंच फिरलं. "अण्णा, त्यांच्याच हंड्यातलं पाणी मी त्यांच्या घरी तांब्याभर प्यालो. मला काय झालं?"

"तुमची प्रकृती दणकट."

"आणि 'एक भाषा, एक माती' म्हणून रोज गळा काढतो, ते कुणासाठी?"

"ते स्टेजवर. पोटाशी खेळ नको."

शरम कशी वाटत नाही या माणसाला! मी तडक भोईवाड्यात गेलो आणि रावजींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. पाळीवरून नुकतेच आले होते. चहाची बशी खाली ठेवली, पाना पिशवीत टाकला, नळाचं पाणी बाटलीत भरून घेतलं आणि म्हणाले, "चला. टाकी उघडू. दोष आमचा निघाला तर हात जोडून माफी मागतो."

लालबागला येऊन त्यांनी बाटली सगळ्यांच्या नाकाखाली धरली. वास नाही. मग माझ्याकडून टाकी रिकामी करवली, झाकण काढलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. आधी बुळबुळीत फुलं निघाली. मग सुपारी. मग नळीच्या तोंडाशी बोळा होऊन बसलेला हिरवा खण. शेवटी कुजून काळी पडलेली खोबऱ्याची वाटी.

ती वाटी मी ओळखली. कराडला टाकी पहिल्यांदा भरली तेव्हा माझ्या आईनं नव्या विहिरीची करतात तशी तिची पूजा केली होती. गंगेची ओटी भरली होती. झाकण मीच धरलं होतं!

रावजी एवढंच म्हणाले, "मास्तर, वाहत्या पाण्यात खपतं हे. कोंडलेल्या पाण्यात कुजतं." मग त्यांनी काम शिकवलं. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून काथ्यानं टाकी घासायची, तीनदा खंगाळायची, नळीच्या तोंडाला पितळी जाळी बसवायची, हवेच्या भोकालाही जाळी, आणि उरलेलं पाणी रोज सोडून द्यायचं. दुपार त्यात गेली. अण्णा लांबून म्हणाले, "चला, मिटलं. आता कुठं वाच्यता नको."

"मिटलं?" मी ओरडलोच. "आळ चारचौघांत घेतला, मिटवायचं मात्र गुपचूप? गाडी भोईवाड्याला जाणार. नाहीतर पेटी तुम्हीच वाजवा!"

गाडी गेली. पहिल्या गाण्याआधी मी पुढं येऊन सांगितलं, "आमची माणसं आजारी पडली आणि आम्ही तुमच्या पाण्याला दोष दिला. घाण आमच्या घरची निघाली. माझ्या घरची." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग सोनाबाई उठल्या. "पाणी देऊ परत," त्या म्हणाल्या, "पण ह्या बारीला तुमच्या अण्णांनी हंडे उचलायचे." अण्णांनी उचलले. चाळभर माणसं बघत होती, करतात काय!

आठवडा संपला, परत आलो. खंडाळ्याच्या घाटात इंजिन तापलं, तेव्हा परत निघताना भोईवाड्यातूनच भरून घेतलेलं पाणी त्याच्या कामी आलं. उरलेलं कराडपर्यंत पोचलं. दारात आईनं विचारलं, "कुठलं पाणी रे हे?" मी सगळं सांगितलं, खणासकट, खोबऱ्यासकट. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पूजेनं कधी पाणी नासतं होय? त्यांचंच बाधलं असणार."

मुंबई मिळवायला गेलो होतो मी! स्वयंपाकघरातला माझा पितळी पेला आणला, तोटीखाली धरला, काठोकाठ भरला आणि तिच्यासमोर उभ्यानं पिऊन टाकला.

त्याला महिना झाला. पेला परत फळीवर गेला नाही. आई तो मागच्या दारी, तुळशीपलीकडं पालथा घालून ठेवते, आणि मला पाणी वरूनच ओतते.