मागच्या बाकावरची पाहुणी

ट्रोम्लरबाईंना आमच्या गावात कोण ओळखत नाही? पूर्व जर्मनीच्या डोंगरातलं एवढंसं गाव, एक शाळा, आणि इंग्रजी शिकवायला एकट्या बाई. निम्म्या गावानं लहानपणी त्यांची बोलणी खाल्लीत. आजही बाई पाव आणायला गेल्या की बेकरीतली पोर आधी पाठ ताठ करते आणि मग नमस्कार करते. अशी बाई कुणाला घाबरेल असं वाटतं का तुम्हाला? पण घाबरली. आणि कुणाला, तर स्कॉटलंडहून आलेल्या एका पोरसवदा मुलीला, जिला शाळेची घंटा वाजली तरी दचकायला व्हायचं!

त्याचं असं आहे की रोस्विता ट्रोम्लर मुळात इंग्रजीच्या नव्हेतच. त्या रशियनच्या. रशियन शिकवायला उभ्या राहिल्या की वर्गात टाचणी पडलेली ऐकू यायची, मुलं कविता म्हणत म्हणत घरी जायची. मग भिंत पडली, दोन्ही जर्मनी एक झाले आणि रशियन एकाएकी सगळ्यांनाच नकोशी झाली. वरून सांगितलं, इंग्रजी शिकवा नाहीतर घरी बसा. बाई शनिवार-रविवार केम्निट्झ शहरात जाऊन इंग्रजी शिकायच्या आणि सोमवारी तेच मुलांना शिकवायच्या. मुलांच्या एक धडा पुढे असायच्या, बस्स. त्या गोष्टीला आता वीसेक वर्षं होत आली. व्याकरण तोंडपाठ, स्पेलिंगात चूक दाखवा नि बक्षीस घ्या. पण पुस्तकाबाहेर, जित्याजागत्या माणसाशी, बाई जन्मात इंग्रजी बोलल्या नव्हत्या. एकदा लंडनची सहल झाली, तेव्हा सगळे दिवस नवऱ्याच्या पाठीमागे उभ्या राहिल्या. नवऱ्याला, गोटहार्डला, इंग्रजीचा गंधही नाही. तो बिनदिक्कत जर्मनमध्ये मागायचा आणि त्याला हवं ते मिळायचं!

तर एक दिवस मुख्याध्यापक उलिगसर हात चोळत आले. "बाई, आनंदाची बातमी आहे. परदेशातल्या विद्यापीठात जर्मन शिकणारी मुलगी येतेय आपल्याकडे, इंटर्नशिपला. तुमच्या हाताखाली. आधी मागच्या बाकावर बसून तुमचे तास बघेल, मग स्वतः शिकवेल."

जुन्या राजवटीत मागच्या बाकावर फक्त तपासनीस बसायचा, आणि तो उठून गेल्यावर कुणाचं काय व्हायचं ते न बोललेलंच बरं. बाईंच्या डोक्यात त्या बाकाचा तेवढाच अर्थ उरला होता.

"सर, ती जर्मन शिकतेय म्हणता ना? मग तिला जर्मनच्या तासांना बसवा की."

"इंग्रजीचे तास बघितले नाहीत तर तिची इंटर्नशिप धरणारच नाहीत तिकडे. वर्ष फुकट जाईल पोरीचं. आणि तुम्ही हो कशाला लाजताय? तुमचं इंग्रजी म्हणजे..."

काय म्हणजे, ते सरांना सांगता आलं नाही. त्यांनाही इंग्रजी येत नव्हतं.

एली मॅकरे आली. मोठ्ठा रेनकोट, भिजलेले बूट, आणि कुणी काही बोललं की हसून मान डोलवायची. बाईंनी पहिल्याच दिवशी तिला आमच्या डोंगरातल्या भरभर जर्मनमध्ये असं काही बोलून घेतलं की इंग्रजीला शिरायला फटच राहू नये. दुसऱ्या दिवशी एली सातवीच्या दारात उभी राहिली, तर बाई म्हणाल्या, "अगं, आज चाचणी आहे. तू खेळाच्या तासाला जा." मग रसायनशास्त्राला जा, मग सुतारकामाला जा. "इंग्रजीत काय बघायचंय तुला? ते तर तुला येतंच!" एली मान डोलवून निघून जायची. एकदा तर तिला स्वयंपाकघरात बटाटे सोलणं बघायला पाठवलं. शिपाई म्हणाला, ही पोर मुख्याध्यापकांपेक्षा जास्त शाळा बघून जाणार.

घरी गोटहार्ड खिडकीशी बसून लाकडाची बाहुली कोरत असायचा.

"आज काय कारण सांगितलंस?"

"चाचणी आहे म्हणून."

"परवाही चाचणीच होती."

"तो वेगळा वर्ग."

"बिचारी मुलं! भीती तुला, आणि चाचण्या त्यांना."

"तू गप्प बस आणि नाक नीट कोर. तिरकं आलंय."

"येऊ दे. तुझ्या नाकासारखं उंच नाही ना आलं," गोटहार्ड म्हणाला आणि भुसा फुंकायच्या निमित्तानं खिडकीकडे वळला.

पण किती दिवस टोलवणार? उलिगसरांनी एक दिवस धरलंच. पुढच्या गुरुवारी, सातवीचा तास, एली मागच्या बाकावर. सबब चालणार नाही.

मग बाईंनी काय करावं? तपासनीस यायचा तेव्हा करायच्या तेच केलं. वर्गाची तालीम घेतली! 'स्टेशनचा रस्ता विचारणे' हा धडा. कोण काय विचारणार, कोण काय सांगणार, कुणी केव्हा हात वर करायचा, सगळं ठरलं. मुलांना तर चेवच चढला. जस्टिन नावाचा मुलगा म्हणाला, "बाई, मी मध्येच चुकतो आणि तुम्ही सुधारा, म्हणजे खरं वाटेल." बाईंनी डोळे वटारले, पण कल्पना घेतली. फक्त योसेफिनला काही दिलं नाही. ती बोलायला उभी राहिली की पांढरीफटक पडायची. "तू वहीत बघ गं बाळा," बाई म्हणाल्या.

गुरुवार उजाडला. तास असा झाला की विचारू नका. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार! जस्टिन ठरल्या जागी चुकला आणि चुकल्यावर स्वतःच खूश होऊन हसला. मुलं अशी काही सुटली की धडा तासाच्या मध्यावरच संपला. आता? पुढचं काही बसवलंच नव्हतं. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, घड्याळ काही हलेना. शेवटी तोंडातून निघून गेलं, "एली, तुला काही विचारायचंय का मुलांना?" त्यांना वाटलं, नेहमीसारखी मान हलवेल आणि सुटका होईल.

एली उठली. तिचा चेहरा इतका खुलला की बाईंना वाटलं, मेले आता. तिनं तिच्या गावच्या इंग्रजीत काहीतरी विचारलं, एका दमात, हसत हसत. वर्गातल्या एकाही पोराला त्यातलं अक्षर कळलं नाही. सगळी तोंडं बाईंकडे वळली.

बाईंनाही कळलं नव्हतं.

वेळ मारून नेता आली असती. "छान प्रश्न! कोण उत्तर देईल?" असं म्हणून ओझं मुलांवर ढकलायचं, मास्तर लोकांना हे जमतं. ते शब्द बाईंच्या ओठांवर आलेही. पण तेवढ्यात नजर योसेफिनवर गेली. आता आपल्यालाच विचारणार या धास्तीनं पोरगी बाकाखाली शिरायची तेवढी बाकी होती. केम्निट्झच्या त्या शनिवारच्या वर्गात, शेवटच्या रांगेत, आपण अश्शाच बसायचो हे बाईंना आठवलं आणि त्यांना स्वतःचीच चीड आली.

"मला नाही कळलं," बाई म्हणाल्या. इंग्रजीत. "एली, हळू बोल. मला एक शब्दही कळला नाही."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बाई आणि कळलं नाही? एली लालबुंद झाली, पण तिनं परत विचारलं, हळूहळू.

"बाई, बर्फाबद्दल आहे काहीतरी!" जस्टिन ओरडला.

"बर्फ पडला की शाळा बंद ठेवतात का, असं विचारतेय ती," कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं. योसेफिन!

बर्फ पडला म्हणून शाळा बंद? आमच्याकडे? वर्ग खो खो हसला आणि मग जो काही गोंधळ माजला! प्रत्येकाला एलीला काहीतरी सांगायचं होतं. घसरगाडीवरून शाळेत येणारी मुलं, बर्फात अडकलेली बस, जस्टिनच्या आजोबांचं छत. इंग्रजीची हाडं मोडली, शब्द अडला की जर्मन शब्दाला इंग्रजी शेपूट लावून पुढे. बाईंचा हात सवयीनं सुधारायला वर उठत होता. शेवटी त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले.

घंटा झाली, मुलं पळाली. एली तिथेच बसून होती आणि रडत होती.

बाईंना वाटलं, आपल्या इंग्रजीला रडतेय. "इतकं वाईट झालं का गं?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं.

एलीनं मान डोलवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. "मला कळलं नाही," ती मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली. "बाई, तुमचं निम्मं बोलणं मला कळतच नाही. कुणाचंच. चार वर्षं जर्मन शिकले, आणि इथे आल्यापासून नुसती मान हलवतेय. रोज तुम्ही मला दारातून परत पाठवायचात. मला वाटलं, मी तुम्हाला आवडत नाही. शनिवारच्या गाडीनं घरी येते म्हणून आईला सांगितलंय."

बाई खाली बसल्या. इतके दिवस त्या आपली अब्रू झाकत होत्या, आणि ही पोर परक्या गावात एकटी रडत होती. ते कधी दिसलंच नाही त्यांना. जर्मनमध्ये बोललं तर तिला कळणार नाही. मग बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं, तालमीशिवाय, इतकं सलग, जन्मात पहिल्यांदा. "तू नाही गं वाईट. मी घाबरले. तुलाच घाबरले. वीस वर्षं तुझी भाषा शिकवतेय आणि आजवर कुणाशी बोलले नाही." काळ चुकले, क्रियापदं भलतीकडे पडली, एक शब्द तर रशियनच निघाला. पण बाई थांबल्या नाहीत.

एलीनं नाक पुसलं. "कळलं," ती म्हणाली. "सगळं कळलं."

"मग ती शनिवारची गाडी?"

"कुठली गाडी?" एली म्हणाली.

बाईंनी तिला घरी जेवायला नेलं. वाटेत बाई इंग्रजी बोलत होत्या आणि एली जर्मन, आणि दर चार पावलांवर दोघींपैकी एक थांबायची, "काय? परत सांग!" घर शाळेच्या मागच्याच गल्लीत, पण पोचेपर्यंत सूप थंडगार झालं होतं. गोटहार्ड वैतागून दारात उभा होता.

"कुठे होतात इतका वेळ?"

"बोलत होतो," बाई म्हणाल्या.